नारू संपला, हे कुणी मोजलं?

मांजराकाठ (धागाकर्ती), रविवार सायंकाळ

आजीच्या उजव्या पायावर घोट्याच्या वर एक व्रण होता, आत ओढल्यासारखा. लहानपणी आम्ही त्यावर बोट ठेवून विचारायचो आणि ती दरवेळी तेच सांगायची, नारू निघाला होता. आधी आग आग, मग फोड, फोड फुटला की सुतासारखं पांढरं टोक. ते टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढायचं. हिसका बसला की आत तुटतो. तिचा तुटला. पाय पिकला आणि ऐन पेरणीच्या तोंडावर ती दीड महिना खाटेवर. ते वर्ष घराने कसं काढलं हे ती कधी सांगत नसे. एवढंच म्हणायची की त्या साली धाकट्या आत्याची शाळा सुटली, ती सुटलीच.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मागच्या आठवड्यात आठवीला जंतांचा विषय निघाला, तेव्हा आजीची गोष्ट सांगितली आणि म्हणाले, आता नारू देशात कुठेच नाही. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. "बाई, नाही हे कसं कळलं? एखाद्या वस्तीवर कुणाला झाला असेल आणि त्यानं सांगितलंच नसेल तर?" मी काहीतरी उत्तर दिलं. तिचं समाधान झालं नाही, माझंही झालं नाही.

मग घरी येऊन वाचत बसले. आमच्या गावची बारव अजून आहे. पायऱ्या उतरायच्या, पाण्यात पाय ठेवून घागर भरायची. फोड आलेला पाय थंड पाण्यात गेला की मादी आपली हजारो पिल्लं पाण्यात सोडते. पाण्यातले सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव त्या पिल्लांना गिळतात. ते पाणी न गाळता पोटात गेलं की वर्षभराने नवा नारू पायातून बाहेर. माणूस, पाणी, माणूस. यावर औषध नव्हतं, लस नव्हती, आजही नाही. तरी तो गेला. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या किंवा वरून रहाटाने पाणी काढायच्या केल्या, हातपंप बसवले, पाणी दुहेरी कपड्यातून गाळायला शिकवलं, विहिरींत सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस टाकलं.

राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. १९८४ साली शोध घेतला तेव्हा सात राज्यांत मिळून जवळपास ४० हजार रुग्ण निघाले. त्या सातांत महाराष्ट्र होता. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. आणि जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त म्हटलं ते २००० साली.

मी अडले ती इथे. मधली साडेतीन वर्षं रुग्ण एकही नव्हता. मग त्या काळात मोजत काय होते? जे नाही ते मोजतात कसं? इथे आरोग्य खात्यात काम केलेले बरेच जण आहेत. माझ्या विद्यार्थिनीला नीट उत्तर द्यायचं आहे, मदत करा.


साथनोंद, रविवार रात्र

ताई, तुमच्या विद्यार्थिनीने जो प्रश्न विचारला तोच आम्हाला नोकरीत पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. मी काही वर्षं जिल्हा सर्वेक्षण अधिकारी होतो, आता निवृत्त आहे.

त्या साडेतीन वर्षांत अफवा मोजत होते. मी शब्द जपून वापरतोय. "अमक्या वाडीत एकाच्या पायातून दोरा निघतोय म्हणे" अशी कुणकुण लागली की तिची नोंद करायची, तिथे माणूस पाठवायचा, पाय पाहायचा आणि काय निघालं ते लिहायचं. बहुतेक वेळा ते गळू निघायचं किंवा जुनी जखम. पण वही भरत जायची. तपासणीला बाहेरून पथक येतं तेव्हा ते आधी हीच वही मागतं. ज्या जिल्ह्यात रुग्ण शून्य आणि अफवाही शून्य, त्या जिल्ह्यावर विश्वास बसत नाही. कारण इतक्या माणसांच्या गावांत वर्षभर कुणाच्या पायाला संशयास्पद काही झालंच नाही, हे खरं असू शकत नाही. तिथे कुणी कान देऊन बसलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बक्षीसही असायचं, नारूचा रुग्ण कळवणाऱ्याला. ही युक्ती देवीच्या निर्मूलनातली. रुग्ण कमी होत गेले तसतशी देवीच्या बक्षिसाची रक्कम वाढवत नेली, ती १९७५ मध्ये हजार रुपयांवर पोचली होती. त्या काळात हजार रुपये म्हणजे किती हे मोठ्यांना विचारा. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसामात करीमगंजला सापडला, बांगलादेशातून आलेली एक बाई. त्यानंतरही शोध चालू ठेवला, आणि घोषणा झाली ती एप्रिल १९७७ मध्ये. तिथेही दोन वर्षं थांबले.

पोलिओत तर याचं गणितच बांधलं. पोलिओ मोजायचा नाही, अचानक आलेला लुळेपणा मोजायचा. पंधरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला, कारण काहीही असो, तर कळवायचं. २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे, लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत, आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोचवायचे. पोलिओ नसला तरी लुळेपणाची मुलं दरवर्षी थोडी असतातच, इतर कारणांनी. लाखामागे किमान एक तरी सापडायलाच हवं, असा जागतिक निकष. आपल्याकडे तो दोनवर नेला. सापडलं नाही, तर जिल्ह्यात पोलिओ नाही असं न म्हणता जिल्हा झोपलाय असं धरायचं.

देशातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमध्ये हावड्याला. प्रमाणपत्र २७ मार्च २०१४ ला. मधली तीन वर्षं आम्ही काय करत होतो हे घरच्यांनाही समजावता यायचं नाही. एका लुळ्या मुलाच्या नमुन्यासाठी एकदा एसटीच्या चालकाला हातापाया पडून बर्फाचा डबा पुढे पाठवला आहे. पोलिओ नव्हता त्याला. पण तो नमुना पोचला नसता तर शून्याचा एक टाका उसवला असता.


वाळवंटी_पाणी, रविवार रात्र

माझं बालपण राजस्थानात गेलं, वडील पाणीपुरवठ्याच्या कामावर होते. बारव वाचून आठवलं. तिकडे नाडी म्हणजे पावसाचं पाणी साठलेला तलाव आणि टांका म्हणजे जमिनीखालची टाकी. आमच्याकडे घागरीच्या तोंडाला गाळणीचं कापड बांधलेलं असायचं, ते काढून पाणी ओतलं तर आई रागवायची. आम्हाला वाटायचं कचऱ्यासाठी आहे.

एक गोष्ट वडील नेहमी म्हणत. विहीर बंद करायला गेलं की गाव भांडायला उठतं. आधी हातपंपाला पाणी लागलेलं दाखवायचं, मग बारवेला हात लावायचा. क्रम चुकला की दुसऱ्या दिवशी माणसं परत पायऱ्या उतरतात.


फिरतीवाला, सोमवार पहाट

झोप लागली नाही, म्हणून लिहितो. मी आरोग्य सेवक म्हणून १९७९ ला लागलो, चंद्रपूर जिल्ह्यात. तेव्हा गडचिरोली जिल्हा व्हायचा होता. माझं काम हिवतापाचं.

तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला ७.५ कोटी लोकांना हिवताप व्हायचा असा अंदाज होता. १९५३ ला नियंत्रणाचा, १९५८ ला निर्मूलनाचा कार्यक्रम आला, डीडीटी फवारली, आणि १९६५ पर्यंत आकडा १ लाखाच्या आसपास आला. लोकांना वाटलं संपलं. लक्ष ढळलं, डासही डीडीटीला दाद देईनासे झाले, आणि १९७६ ला ६४ लाखांवर रुग्ण. मी लागलो ते या उलट्या लाटेच्या नंतर लगेच.

माझ्याकडे अकरा गावं होती, पाडे धरून जास्त. प्रत्येक घरी पंधरा दिवसांतून एकदा जायचं. विचारायचं, आज कुणाला ताप आहे का? मागच्या पंधरवड्यात कुणाला येऊन गेला का? पाहुणा आलाय का? घरातलं कुणी बाहेरगावी जाऊन आलं का? ताप असला की बोट पुसून सुई टोचायची, एकाच काचपट्टीवर एक जाड थेंब आणि एक पातळ पसारा घ्यायचा, पेन्सिलीने नंबर टाकायचा. क्लोरोक्विनच्या चार गोळ्या माझ्यासमोर गिळायला लावायच्या, त्याला गृहीत उपचार म्हणत. पट्टी प्रयोगशाळेत जायची, हिवताप निघाला तर परत त्या घरी जाऊन समूळ उपचार, पाच दिवसांच्या गोळ्या.

आणि घराच्या भिंतीवर चौकट असायची, तिच्यात मी आलो त्या दिवसाची तारीख आणि सही. ताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर ती चौकट आहे. वरिष्ठ अचानक यायचे, घरात न विचारता आधी भिंत बघायचे. भिंतीवर तारीख आहे आणि माझ्या वहीत "ताप नाही" आहे, तर ते "नाही" खरं. भिंत कोरी आणि वहीत "ताप नाही", तर माझी खैर नसायची. दिवाळीत बाया घर सारवायच्या, भिंत पोतायच्या, पण ती चौकट सोडून पोतायच्या. एका म्हातारीने मला विचारलं होतं, हे तुमच्या देवाचं आहे का? मी हो म्हणालो होतो.

वाईट वाटायचं ते एकाच गोष्टीचं. पट्टीचा निकाल यायला कधी दोन, कधी तीन आठवडे लागायचे. मी गोळ्या घेऊन जायचो तर घराला कडी. माणूस तेंदूपत्त्याला किंवा बांबूच्या कामाला जंगलात गेलेला, रक्तात हिवताप घेऊन. नंबर सापडला, माणूस सापडला नाही. आज आशाताई जागेवरच चाचणीच्या पट्टीवर रक्ताचा थेंब टाकून पंधरा-वीस मिनिटांत सांगते. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं.


मोजपट्टी, सोमवार दुपार

फिरतीवाला काका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण दुसरी बाजू मांडतो. मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे, आणि मी सूक्ष्मदर्शकाच्या या टोकाला बसून काय बघितलं ते सांगायला हवं.

वर्षाला लोकसंख्येच्या दहा टक्के रक्तनमुने घ्यायचे असा दंडक होता. हेतू चांगला, शोध किती घेतला हे त्यावरून कळतं. पण आकडा लक्ष्य झाला की माणसं आकड्याच्या मागे धावतात. मार्च जवळ आला की गठ्ठ्याने पट्ट्या यायच्या. शाळेत जाऊन धडधाकट पोरांची बोटं टोचलेली. एकदा सलग वीस पट्ट्यांवरचा थेंब एकाच आकाराचा आणि एकाच रंगाचा. मी जुनी माणसं ओळखतो, त्यांना विचारलं, त्यांनी मान खाली घातली. एकाच माणसाचं रक्त. आणि त्या भागात त्या वर्षी हिवताप "कमी" झाला, कारण छेद, म्हणजे तपासलेल्या पट्ट्यांचा आकडा, वाढला. मी ते वरती कळवलं. मला सांगण्यात आलं की तुम्ही फक्त पट्ट्या बघा.

म्हणून माझा मुद्दा असा. अफवांची वही आणि भिंतीची चौकट यांवर तुम्ही विश्वास ठेवता, पण वहीही बनवता येते. शोध घेतला याचा पुरावाही खोटा असू शकतो. मग मुलीला काय सांगणार?


फिरतीवाला, सोमवार सायंकाळ

मोजपट्टी, खरं लिहिलंत. अशी माणसं माझ्या बरोबरीने नोकरीत होती. एका पावसाळ्यात नाला ओलांडता आला नाही म्हणून मीही दोन पाड्यांच्या भेटी घरी बसून लिहिल्या आहेत. त्या पंधरवड्यात तिथे एक पोर तापाने गेलं. हिवतापच होता की काय, कळायला मार्ग उरला नाही, कारण पट्टी नव्हती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतो.

त्यानंतर नाल्याला पाणी असलं तर मी वहीत "भेट झाली नाही" असं लिहायला लागलो. बोलणी खाल्ली. पण "भेट झाली नाही" आणि "ताप नाही" यात एका पोराचं अंतर आहे.


साथनोंद, सोमवार रात्र

काका, हात जोडतो.

मोजपट्टी यांच्या प्रश्नावर. एका वहीवर कुणीच विसंबत नाही, निदान विसंबू नये. दोन वाटांनी आलेली माहिती एकमेकींशी ताडून बघतात. हिवतापाच्या पट्ट्यांतल्या काही पट्ट्या दुसऱ्या प्रयोगशाळेत फेरतपासणीला जातात. तुमच्यासारख्याने "थेंब एकाच रंगाचा" म्हटलं की ते ऐकून घेणारं कुणीतरी वर असावं लागतं, तुमच्या वेळी ते नव्हतं, हा आमच्या खात्याचा दोष. पोलिओत दुसरी वाट होती सांडपाण्याची. मुंबईत २००१ पासून गटारांतल्या पाण्याचे नमुने घेऊन त्यात विषाणू शोधायला सुरुवात झाली. कुठल्या आईने मूल दाखवलं नाही, कुठल्या डॉक्टरने कळवलं नाही, तरी गटारातलं पाणी सांगतं. वस्तीत विषाणू असला तर तो तिथे उतरतो.

नुसत्या कागदी शून्याचं सगळ्यात मोठं उदाहरण कुष्ठरोग. डिसेंबर २००५ मध्ये देशात दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण झाले आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोग संपला असं जाहीर झालं. त्या व्याख्येप्रमाणे ते बरोबरच होतं. पण मग घरोघरचा शोध थांबला. रुग्ण स्वतःहून येईल तेव्हा नोंद. चट्टा दुखत नाही, खाजत नाही, माणूस कशाला येईल? आला तेव्हा बोटं वाकलेली. २०१६ पासून पुन्हा दारोदार शोधमोहीम सुरू करावी लागली आणि रुग्ण निघाले. मधल्या वर्षांत बोटं गेलेल्यांची नावं मला अजून पाठ आहेत, इथे लिहिणार नाही.


जुनी_पाने, सोमवार रात्र

पुण्याहून. दार ठोठावण्यावरून इतका धागा झाला आहे, तर आमच्या गावात १८९७ मध्ये ठोठावलेल्या दारांची आठवण काढायलाच हवी.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग आहे हे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलं, मूळचे गोव्याचे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर घरांत शिरले, देवघरापर्यंत. बायकांची तपासणी रस्त्यावर. संशयिताला उचलून छावणीत, घरातलं सामान जाळलेलं. हाही रोगाचा मागोवाच होता. कागदावर पाहिलं तर कडक, पद्धतशीर. परिणाम काय झाला? लोक आजारी माणूस लपवायला लागले, मयत लपवायला लागले. जितकं जोरात शोधलं तितकं कमी दिसायला लागलं. २२ जून १८९७ ला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली.

आणि त्याच साली, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन. त्याही घरांतून रुग्ण बाहेर काढत होत्या. त्यांच्यापासून कुणी माणूस लपवला असेल असं मला वाटत नाही.

फिरतीवाला काकांची चौकट सोडून भिंत पोतणाऱ्या बायांबद्दल वाचलं आणि हे दोन्ही शेजारी ठेवावंसं वाटलं.


मांजराकाठ, मंगळवार सकाळ

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. फिरतीवाला काका, तुमचं "भेट झाली नाही"चं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आहे.

प्लेगचा विषय निघाला म्हणून आमच्या बीड जिल्ह्यातली गोष्ट. १९६६ मध्ये कर्नाटकात प्लेगचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला होता. त्यानंतर २८ वर्षं देशात शून्य. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडायला लागले, पिसवा वाढल्या. गावकऱ्यांनी ते कळवलं होतं. मग काखेत-जांघेत गाठी आलेले रुग्ण. सप्टेंबरमध्ये सुरतेला फुप्फुसाचा प्लेग आणि तिथून लाखो लोक पळाले. मी तेव्हा सहावीत होते. वर्षभरापूर्वीच किल्लारीचा भूकंप झालेला, आणि वडील म्हणाले, आता अजून काय राहिलंय?

उंदीर पडतायत हे जुन्या माणसांनी ओळखलं, कारण त्यांनी त्यांच्या आईबापांकडून प्लेगच्या साली गाव सोडून शेतात खोपटी बांधल्याचं ऐकलं होतं. २८ वर्षांच्या शून्यानंतर हे ज्ञान कुठल्या कागदावर उरलं होतं, कुणी सांगेल का?


साथनोंद, मंगळवार दुपार

मामला आणि सुरत यांच्यामुळेच पुढचं सगळं घडलं. १९९७ मध्ये राष्ट्रीय पातळीवर संसर्गजन्य रोगांच्या सर्वेक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम. त्यात तीन फॉर्म. उपकेंद्रातून एस फॉर्म, नुसती लक्षणं: ताप किती, जुलाब किती, कावीळ किती. डॉक्टरकडून पी फॉर्म, त्याला काय वाटतं ते. प्रयोगशाळेतून एल फॉर्म, काय सिद्ध झालं ते. सोमवार ते रविवार असा आठवडा. आता ते आयएचआयपी या संगणक प्रणालीवर रोजच्या रोज भरतात.

मी सोमवारी सकाळी आधी किती उपकेंद्रांचा फॉर्म आलेला नाही ते बघायचो, आकडे मागाहून. "रुग्ण शून्य" लिहून आलेला फॉर्म मला चालायचा. न आलेला फॉर्म मी शून्य धरायचो नाही, फोन करायचो. दहा फोनांतून एक फोन असा निघायचा की ताई रजेवर आहे आणि गावात तीन दिवसांपासून जुलाब चालू आहेत.


दोडामार्गी, मंगळवार सायंकाळ

मांजराकाठ ताई, उंदरांचं वाचून आमचं माकडतापाचं लिहितो. हा रोग मूळ १९५७ चा, शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलातला. २०१५ मध्ये शेजारच्या गोव्यात सत्तरी तालुक्यात पाळी गावात आला आणि २०१६ च्या सुरुवातीला आमच्या दोडामार्गात केर गावात.

हंगाम काजूचा. सकाळी बोंडू गोळा करायला बागेत वाकून फिरायचं, पाचोळ्यात गोचिडीची बारीक पिल्लं, दिसतही नाहीत. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिड्या उतरून आजूबाजूला पसरतात, म्हणून मेलेलं माकड म्हणजे धोक्याची जागा. पहिल्या वर्षी माकडं मरत होती तेव्हा आम्ही ती बघत होतो आणि पुढे जात होतो. कुणाला सांगायचं हेच माहीत नव्हतं. माझा चुलता त्या वर्षी तापाने तीन आठवडे पडला, वाचला.

आता बागेत माकड मेलेलं दिसलं की कुणी हात लावत नाही. वनखात्याला फोन, आरोग्य केंद्राला फोन. पथक येऊन तपासतं, भोवती पावडर मारतं. बागेत जाताना अंगाला तेल लावायचं ते आरोग्य केंद्रातून मिळतं. आमच्या वाडीत शाळेतल्या पोरांनाही नंबर पाठ आहे. ताई, तुमच्या विद्यार्थिनीला हे सांगा, की इथे माकडं मोजून माणसं वाचवतात.


रात्रपाळी, मंगळवार रात्र

मी वाचनमात्र असते, पण लिहिते. विदर्भात हत्तीरोगाच्या पथकासोबत काम करते. आमचं काम रात्री आठ ते बारा. या जंताची पिल्लं दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री डास चावायच्या वेळेला बाहेरच्या रक्तात येतात. म्हणून बोटातून रक्त घ्यायचं तर रात्रीच.

लोक म्हणतात दिवसा या ना. दिवसभर धानाच्या बांध्यांत राबून निजलेल्या माणसाला उठवून बोट पुढे करायला सांगायचं, अंगणात कुत्री, बॅटरीच्या उजेडात पट्टी. सुरुवातीला मला अपराधी वाटायचं. मग एकदा एका घरी तिशीतल्या माणसाने विचारलं, मला काही त्रास नाही, मग कशाला? त्याच्या पट्टीवर पिल्लं निघाली. पाय सुजलेला नव्हता, त्याला माहीतच नव्हतं, आणि गावातले डास त्याच्याकडून घेऊन जात होते. ज्याचा पाय सुजलाय तो सगळ्यांना दिसतो. मोजायचा असतो हा न दिसणारा.

आणि शून्याचं उत्तर आमच्याकडे लहान मुलांत शोधतात. सामुदायिक औषधोपचाराच्या फेऱ्या वर्षानुवर्षं झाल्या की पहिली-दुसरीच्या मुलांची तपासणी होते, रक्ताचा थेंब पट्टीवर टाकून. ही चाचणी दिवसाही चालते. ही मुलं गोळ्या वाटायला लागल्यानंतर जन्मलेली. त्यांच्या रक्तात जंताची खूण निघाली, तर गावात डास अजून जंत वाहतायत. नाही निघाली, तर मोठ्यांच्या सुजलेल्या पायांत जुना रोग असेल, पण नवा लागत नाही. मागच्या खेपेला एका शाळेत सगळ्या पट्ट्या कोऱ्या आल्या, तेव्हा आम्ही दोघी बायका व्हरांड्यात उभ्या राहून रडलो. मास्तर घाबरले, म्हणाले काय झालं? म्हटलं, काही नाही निघालं.


मोजपट्टी, मंगळवार रात्र

रात्रपाळी ताई, माझा कालचा प्रतिसाद मी मागे घेत नाही, पण तुमचा वाचून त्यात एक भर घालतो. त्या वीस पट्ट्यांच्या वर्षीच दुसऱ्या एका गावातून एक पट्टी आली होती, कडेला पेन्सिलीने "पाऊस, रक्त पातळ पसरले, परत घेईन" असं लिहिलेली. आठवड्याने त्याच नंबरची दुसरी पट्टी आली. फॅल्सिपेरम, म्हणजे जिवावर बेतणारा हिवताप, निघाला. नाव विचारायचं राहून गेलं.


मांजराकाठ, बुधवार सकाळ

आज वर्गात सांगितलं. अफवांची वही, भिंतीची चौकट, लुळ्या मुलांचं गणित, माकडं, पहिलीतली पोरं. मोजपट्टी यांच्या वीस पट्ट्याही सांगितल्या, लपवल्या नाहीत. तीच मुलगी पुन्हा उठली. म्हणाली, "बाई, मग आपल्या गावात नारू नाही हे आपण विचारून बघू या का?"

तर ठरलं आहे. शनिवारी अर्ध्या शाळेनंतर आठवीची मुलं चार गटांत गावात फिरणार, साठीच्या पुढच्या प्रत्येकाला विचारणार: तुम्हाला नारू झाला होता का, कोणत्या साली, शेवटचा कुणाचा पाहिला? ज्या घराला कुलूप असेल तिथे "भेट झाली नाही" लिहायचं, हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.

फिरतीवाला काका, मुलांना खरी काचपट्टी बघायची आहे. तुम्ही लांब आहात हे माहीत आहे.


फिरतीवाला, बुधवार दुपार

लांब आहे, पण रेल्वे आहे. माझ्याकडे जुनी लाकडी पेटी आहे, पट्ट्यांची, पंचवीस खणांची. नातू म्हणतो फेकून दे. शनिवारी उशीर होईल, पुढच्या शुक्रवारी निघून शनिवारी सकाळी पोचतो. स्टेशनावर कुणी यायची गरज नाही, गाव विचारत येईन, सवय आहे.

भिंतीवर चौकट काढायला गेरू लागेल. शाळेची एखादी भिंत द्या.